घार आणि कापशी : कूळ एक, पण शेतकऱ्याशी नातं वेगळं
एक गावावर जगते, दुसरी रानातल्या उंदरांवर. उंदराचं औषध टाकताना दोघींचा विचार हवा

सोयाबीनची बनीम उठली, हरभऱ्याची पेरणी उरकली, की मुखेड तालुक्यातल्या रानात एक पक्षी हमखास नजरेला पडतो. विजेच्या तारेवर नाहीतर धुऱ्यावरच्या बाभळीच्या शेंड्याला एकटाच बसलेला, अंगानं पांढरा-राखी, खांद्यावर काळा डाग. लांबून पाहणाऱ्याला कबुतर वाटावं असा. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब, येवती, कोणत्याही रस्त्यानं सकाळी लवकर जा, तो दिसणारच. तारेवर बसल्या बसल्या शेपटी वर-खाली हलवत तो खालचं रान न्याहाळत असतो. ही कापशी. काही जण तिला कापशी घार म्हणतात, आणि नावातल्या या घारीनंच तिचा घात केला आहे.

कारण घार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोंबडीचं पिलू उचलून नेणारी गावातली घार उभी राहते. ‘घार ती घार, तिचा काय भरवसा?’ असं पारावर बसून सहज बोललं जातं. मग लेकरं गलोल घेऊन तारेवरच्या कापशीलाही दगड मारतात आणि मोठी माणसं बघत राहतात. दोघी एकाच कुळातल्या आहेत हे खरं, पण दोघींचं काम वेगळं, खाणं वेगळं, आणि शेतकऱ्याशी असलेलं नातं तर अगदीच वेगळं. तो फरक शेतकरी बंधूंनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

ओळखायचं कसं?

गावातली घार अंगानं मोठी. चोचीपासून शेपटीपर्यंत जवळजवळ दोन फूट, पंख पसरले की साडेचार ते पाच फूट. वजन मात्र पाऊण किलोच्या आसपास. रंग सगळा तपकिरी. शेपटी मधून खाचलेली, माशाच्या शेपटीसारखी. आभाळात घिरट्या घालताना ती शेपटी अशी डावी-उजवी वळवते की सुकाणूच वाटावं. ही खूण पक्की. अशी शेपटी आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्या शिकारी पक्ष्याला सहसा दिसत नाही.

कापशी तिच्या निम्म्यानं. लांबी एक फुटाच्या आसपास, पंखांचा पसारा तीन फुटांच्या आत-बाहेर, वजन पाव किलो. पाठ फिकट राखी, पोट पांढरं स्वच्छ, खांद्यावर काळा पट्टा आणि डोळे लालभडक. कापशीचं पोरसवदा पिल्लू पाठीवर तपकिरी छटेचं असतं, पण खांद्यावरचा काळा डाग तेव्हाही दिसतो. शेपटी आखूड, पांढुरकी, खाच जवळपास नाहीच.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे शिकारीची तऱ्हा. कापशी उडता उडता रानावर एका जागी थांबते. पंख फडफडत, मान खाली घालून, पाय लोंबते सोडून ती हवेत अधांतरी उभी राहते. उंदीर हलला की टप्प्याटप्प्यानं खाली येते आणि शेवटी पंख वर उचलून त्याच्यावर पडते. गावातली घार असं थांबत नाही. ती वाऱ्यावर तरंगत फिरते आणि झडप घालून उचलते.

यात एक घोटाळा होऊ शकतो. राखी पाठीचा शिक्राही आपल्याकडे आहे आणि तोही याच कुळातला. पण त्याच्या छातीवर तांबूस आडव्या रेघा असतात, खांद्यावर काळा डाग नसतो आणि तो झाडीतून सूं करत जातो. कोंबडीच्या बारक्या पिलांवर त्याचाही डोळा असतो. तेव्हा पिलू गेलं आणि राखी पक्षी दिसला, म्हणून कापशीला दोषी धरू नये.

कूळ एक, शाखा लांबच्या

पक्षिशास्त्रात घार, कापशी, शिक्रा, गरुड, हिवाळ्यात गवताळ रानावरून खालून खालून उडत जाणारे भोवते आणि आपण डोळ्यांदेखत गमावलेली गिधाडं या सगळ्यांचं कूळ एक धरतात. आकडी चोच, धारदार नख्या, तीक्ष्ण नजर या गोष्टी सगळ्यांत सारख्या. ससाणे दिसायला यांच्यासारखेच, पण त्यांचं कूळ निराळं. गेल्या काही वर्षांत पेशींतल्या गुणसूत्रांवरून नाती तपासली गेली, तेव्हा ससाणे हे घारीपेक्षा पोपटाचे जवळचे नातलग निघाले.

त्याच तपासणीतून दुसरी गंमत पुढे आली. घार आणि कापशी नावानं जवळच्या असल्या तरी नात्यानं लांबच्या आहेत. या मोठ्या कुळातून कापशीची शाखा फार आधी वेगळी झाली. गावातली घार कापशीपेक्षा मासे मारणाऱ्या समुद्रगरुडाच्या जास्त जवळची. आपल्याकडे कसं, आडनाव एक असतं, पण भाऊबंदकी सात पिढ्यांपूर्वी फुटलेली असते, त्यातलाच हा प्रकार.

घार : गावाची सफाईवाली

घारीचं पोट माणसाच्या वस्तीवर भरतं. खाटकाच्या दुकानामागचं टाकाऊ मांस, आठवडी बाजार उठल्यावर राहिलेली मासळीची घाण, उकिरड्यावरचा मेलेला उंदीर, रस्त्यावर चिरडलेला सरडा, यातलं तिला काही वर्ज्य नाही. जिवंत शिकारही ती करते, पण आयतं मिळालं तर कष्ट घेत नाही. नांगरट चालू असली की आऊताच्या, आता ट्रॅक्टरच्या, मागं फिरून उघडे पडलेले किडे-उंदीर उचलते. रान पेटलं की धुराभोवती जमते, कारण त्यातून पळणारे जीव आयते सापडतात.

तिची वीण साधारण थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. वड, चिंच, निलगिरी अशा उंच झाडावर, कधी मनोऱ्यावर, काटक्यांचं मोठं घरटं. त्यात चिंध्या, तार, दोरे काय वाटेल ते आणून घालते. अंडी दोन-तीन. घरट्यात पिलं असताना खालून कोणी गेलं तर काही घारी डोक्यावर झेप घेतात. त्यात खोडसाळपणा नाही, आईपण आहे. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईच्या नावानं गायल्या जाणाऱ्या अभंगात आईच्या मायेला घारीचा दाखला आला आहे, तो उगाच नाही.

हिवाळ्यात तळ्याकाठी आणि मोकळ्या माळावर थोड्या मोठ्या, डोळ्यांमागे काळसर ठिपका असलेल्या घारी दिसतात. त्या पाहुण्या. हिमालयाच्या पलीकडून, मध्य आशियातून त्या थंडी काढायला भारतात येतात आणि उन्हाळ्याच्या आधी परततात.

आता कोंबडीच्या पिलांचं. घार पिलं नेते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परसात दहा-बारा पिलांची कोंबडी फिरवणाऱ्या बाईचं त्यात खरंच नुकसान होतं, आणि ते पैसे बहुतेक तिच्या हक्काचे असतात. पण उपाय घार मारणं हा नाही. एक मारली तर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी येते, कारण तिला बोलावणारा उकिरडा तिथंच असतो. पहिले चार-पाच आठवडे पिलं डाल्याखाली किंवा जाळीत ठेवावीत. अंगणावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या, वर वेल चढवला, की झडप घालायला मोकळी जागा राहत नाही. आणि मांसाचा टाकाऊ माल उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरला, तर घारी घरांजवळ कमी रेंगाळतात.

कापशी : रानाची राखणदार

कापशीचं मुख्य अन्न उंदीर. जोडीला नाकतोडे, सरडे, क्वचित एखादा लहान पक्षी. कोंबडीच्या पिलासाठी गावात शिरणं हा तिचा धंदा नव्हे. तिचा सगळा व्यवहार उघड्या रानात, आणि तोही मुख्यतः सकाळी लवकर आणि दिवस कलताना, म्हणजे उंदीर हालचाल करतो त्याच वेळी.

एका कापशीला दिवसाला साधारण दोन लहान उंदीर लागतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे महिन्याला साठ, जोडीचे एकशे वीस. पिलं घरट्यात असली की खेपा वाढतात. तिची वीण एका ठरावीक महिन्याला बांधलेली नाही. कडक उन्हाळा सोडला तर पोटाला मिळेल तेव्हा ती घरटं करते. बाभळीसारख्या मध्यम उंचीच्या झाडावर काटक्यांचं लहानसं घरटं, तीन-चार अंडी, महिनाभर उबवणी आणि पुढं पाच आठवड्यांच्या आसपास पिलं उडायला तयार. जिथं उंदीर वाढतात तिथं कापशी जमतात आणि उंदीर संपले की पुढं सरकतात. त्यामुळे एखाद्या शिवारात अचानक चार-सहा कापशी दिसायला लागल्या, तर त्या रानात उंदीर वाढलेत, ही खूण समजावी.

पण कापशी म्हणजे जादूची कांडी नव्हे. आपल्या रानात उंदरांच्या दोन-तीन जाती आहेत. त्यातला मोठा काळा उंदीर, जो बिळात कणसं आणि शेंगा साठवतो, तो पूर्ण वाढला की कापशीएवढ्याच वजनाचा होतो. तो तिला झेपत नाही. ती उचलते लहान जातीचे उंदीर आणि मोठ्या उंदरांची बिळाबाहेर पडलेली पिलं. शिवाय उंदीर जास्त करून रात्रीचा. रात्रपाळी घुबडांची. तेव्हा दिवसा कापशी, रात्री गव्हाणी घुबड आणि पिंगळा, बिळात धामण, अशी ही पाळी आहे. यातला एक गडी कमी झाला की बाकीच्यांवर ओझं पडतं.

उंदराची वीण ध्यानात घेतली म्हणजे या राखणीची किंमत कळते. तीन आठवड्यांचा गर्भ, एका वेताला सहा-आठ पिलं, आणि तीन महिन्यांच्या आसपास तेच पिलू स्वतः विण्याजोगं. पावसाळ्याच्या शेवटी रानात खायला भरपूर असतं, तेव्हा ही वाढ सगळ्यात जोरात होते. सोयाबीनच्या शेंगा, हायब्रीड ज्वारीची कणसं, पुढं हरभऱ्याचे घाटे, त्याला काही कमी पडत नाही. त्या वेळी मारलेली एक मादी म्हणजे पुढच्या वेताचाच हिशेब मिटला.

औषध उंदराला, मरण कापशीला

खरा धोका इथंच आहे. उंदीर वाढले की आपण दुकानातून औषध आणतो. बाजारात मुख्यतः दोन प्रकार. एक झिंक फॉस्फाइड, ज्यानं उंदीर काही तासांत मरतो. दुसरा ब्रोमॅडिओलोन, ज्याच्या वड्या किंवा तयार आमिष मिळतं. या दुसऱ्यानं रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं मरतो.

त्या मधल्या दिवसांत तो उंदीर जिवंत असतो, पण सुस्त होतो. दिवसा-ढवळ्या उघड्यावर येतो, झिंगल्यासारखा चालतो, पळू शकत नाही. तारेवर बसलेल्या कापशीला अशी शिकार सर्वात आधी दिसते. विष उंदराच्या काळजात साठलेलं असतं, ते तिच्या अंगात जातं. असे काही उंदीर खाल्ले की तिलाही आतल्या आत रक्तस्राव होतो. रात्री घुबडाचं तेच होतं. झिंक फॉस्फाइडचं विष अंगात असं साठून राहत नाही, तरी मेलेल्या उंदराच्या पोटात ते असतं. तो उंदीर उघड्यावर पडला तर घार, कुत्रं, मांजर यांना बाधतो. शेवटी होतं काय, तर या वर्षी उंदीर कमी होतात, राखणदारही मरतो, आणि पुढच्या हंगामात उंदीर परत येतात ते बिनधास्त. कारण उंदराला भरून निघायला महिने लागतात, शिकारी पक्ष्याला वर्षं.

कीटकनाशकांचंही असंच. १९९५-९६ च्या हंगामात दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनात नाकतोडे मारायला शेतात मोनोक्रोटोफॉस फवारलं. ते नाकतोडे खाऊन आपल्या घार-कापशीच्या कुळातलेच हजारो पाहुणे पक्षी रानात पडले. मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या कापूस उत्पादकाला नव्यानं सांगायला नको. पूर्वी थिमेट म्हणजे फोरेट खाद्यात कालवून कुत्री-डुकरं मारण्याचा प्रकार व्हायचा. त्या मेलेल्या जनावरावर बसलेल्या घारीही मरायच्या. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना डबा आखाड्यावर पडून असेल, तर तो वापरू नये.

गिधाडांचा धडा

या कुळातलं एक माणूस आपण असंच घालवून बसलो आहोत. ढोर मेलं की गावाबाहेर गिधाडं उतरत आणि थोड्या वेळात हाडं उघडी करत, हे आज पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही आठवेल. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत देशातल्या तीन मुख्य जातींची गिधाडं शंभरातली पंचाण्णवहून अधिक नाहीशी झाली. कारण २००४ मध्ये उघड झालं. जनावराच्या दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध मिळतं, तेच मागून घ्यावं.

गिधाडं गेली, पण मेलेली ढोरं राहिली. त्या जागी मोकाट कुत्र्यांचे कळप वाढले आणि शेळ्या-करडांना, माणसांना त्याचा त्रास चालूच आहे. गिधाड असताना त्याच्या कामाची मजुरी कोणी मोजली नव्हती. ते गेल्यावर कळली. कापशीच्या बाबतीत तोवर थांबायचं कारण नाही.

शेतकऱ्यानं काय करावं?

पहिली गोष्ट, उंदरांचा बंदोबस्त उन्हाळ्यात करावा. एप्रिल-मे महिन्यांत रान मोकळं असतं, खायला कमी असतं, उंदीर थोडे असतात. खोल नांगरट, धुऱ्यांची साफसफाई, बिळं उकरणं आणि सापळे हे तेव्हाच केलं तर औषधाची गरज निम्म्यावर येते. एकट्यानं करून उपयोग नाही. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचा उंदीर चार दिवसांत आपल्याकडे येतो, म्हणून अख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी.

औषध वापरावंच लागलं तर ते बिळाच्या आत टाकून तोंड बंद करावं, उघड्यावर पसरू नये. दुसऱ्या दिवसापासून रानात चक्कर मारून मेलेले आणि मरायला टेकलेले उंदीर काठीनं गोळा करून खोल पुरावेत. ब्रोमॅडिओलोन वापरलं असेल तर ही चक्कर आठवडा-दहा दिवस चालू ठेवावी. झिंक फॉस्फाइड ओल्या हातानं हाताळू नये, त्याला पाणी लागलं की विषारी वायू सुटतो. लेकरं आणि जनावरं दूर ठेवावीत.

हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षी थांबे लावायला कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण ते आखूड थांबे कोतवाल, वेडा राघू यांच्या कामाचे. कापशीला उंच जागा लागते. दहा-बारा फुटांच्या वाशाला वर आडवी काठी ठोकून असे दोन-तीन थांबे उंदरांची बिळं जास्त असलेल्या भागात रोवले, तर तिला बसायला जागा होते. रात्री त्यावर घुबडंही बसतात. खर्च एका वाशाचा.

आणि धुऱ्यावरची बाभळ. सावलीनं पीक मारते म्हणून ती तोडली जाते, आणि आपल्या डोंगरी, मुरमाड रानात आधीच झाडं कमी. शिवारात चार बाभळी राहिल्या तरी कापशीचं घरटं होतं. घरटं असलेली फांदी निदान पिलं उडेपर्यंत छाटू नये.

गावाच्या कारभाऱ्यांनी काय करावं?

सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या जुन्या बोलीत ग्रामसेवकांनी, तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. मांसविक्रेत्यांच्या टाकाऊ मालासाठी गावाबाहेर झाकणाचा खड्डा. मेलेलं ढोर पुरण्याची ठरलेली जागा. आणि ग्रामसभेत उंदीर मोहिमेची एक तारीख. या कामांना मोठा निधी लागत नाही, बैठकीत अर्धा तास लागतो.

कायद्याचीही माहिती असावी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये घार आणि कापशी दोघींना संरक्षण आहे. त्या कायद्यात विष घालून मारणं हीसुद्धा शिकारच धरली आहे, आणि घरटं मोडणं, अंडी काढणं हाही गुन्हा आहे. संक्रांतीच्या वेळी, नेमक्या घारीच्या विणीत, नायलॉनचा मांजा झाडांवर अडकतो आणि पंख कापले जातात. त्यावरही बंदी आहे. शाळेतल्या गुरुजींनी वर्गात एकदा सांगितलं, तर गलोल आणि मांजा दोन्ही आवरतील.

घार गावाची घाण उचलते आणि कधीमधी एखादं पिलू नेते. तिच्याशी आपला देण्या-घेण्याचा व्यवहार आहे, डालं झाकून तो सांभाळता येतो. कापशीशी मात्र देणं काहीच नाही. ती रोज पहाटे कामावर येते, सालाचं धान्य मागत नाही, उचल मागत नाही. तिला बसायला एक काठी, घरट्याला एक बाभळ आणि खायला बिनविषाचा उंदीर एवढंच लागतं. येत्या हंगामात औषधाची पुडी फोडण्याआधी एकदा वर तारेकडे बघावं. राखणदार बसलेला असेल, तर त्याच्या ताटात विष जाणार नाही एवढी काळजी घेणं आपल्याच फायद्याचं आहे.